दोन डोंगरांच्या पलीकडचं चित्र: पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी कलाकाम कसं घ्यावं

पहिली-दुसरीच्या कुठल्याही वर्गात ‘हवं ते चित्र काढा’ असं सांगून पाहा. बऱ्याच कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा सूर्य, खाली वळणं घेत येणारी नदी, काठावर उतरत्या छपराचं घर आणि एक नारळाचं झाड उमटतं. ज्या मुलाच्या गावात डोंगर नाही की नारळ नाही, त्याच्याही कागदावर हेच असतं. हे दृश्य मुलांनी कधी पाहिलेलं नसतं, ते त्यांना कुणीतरी काढून दाखवलेलं असतं. एकदा त्यावर ‘छान’ मिळालं की मूल तेच काढत राहतं, कारण त्यात चुकण्याची भीती नाही.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलाची स्वतःची चित्रं किती वेगळी आणि धीट असतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या डोंगरांचं वाईट वाटतं. म्हणून हा लेख शिक्षकांसाठी आणि घरी मुलांना घेऊन बसणाऱ्या आईबाबा, आजीआजोबांसाठी आहे. यातले सगळे प्रकल्प गावातल्या दुकानात आणि स्वयंपाकघरात मिळणाऱ्या सामानात होतात. पण सामानापेक्षा महत्त्वाचा एक नियम आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

तयार नमुना दाखवू नका

तुम्ही सुंदर फुलपाखरू करून फळ्यावर लावलंत की तीस मुलं तेच फुलपाखरू करतील. त्यातली पाच-सहा तुमच्यासारखं जमलं म्हणून खूश होतील आणि उरलेली जमलं नाही म्हणून हिरमुसतील. साहित्य कसं वापरायचं ते मात्र जरूर दाखवा. ब्रश किती बुडवायचा, माती माती‍ला कशी जोडायची, कात्री कशी धरायची हे चिठोऱ्यावर करून दाखवा आणि तो चिठोरा लगेच बाजूला ठेवा. काय करायचं हे मुलाने ठरवायचं. त्यासाठी त्याला विषय द्यायचा तो प्रश्नाच्या रूपात. ‘पावसाचं चित्र काढा’ म्हटलं की छत्रीवाली मुलगी येते. ‘काल पाऊस आला तेव्हा तू कुठे होतास? तुझे पाय कुठे होते? कुत्रं कुठे जाऊन बसलं?’ असं विचारलं की प्रत्येकाचा पाऊस वेगळा येतो.

मुलाच्या कागदावर आपला हात चालवायचा नाही, हा त्याच नियमाचा दुसरा भाग. ‘जरा नीट करून देते’ म्हणत बाईंनी किंवा आईने ओढलेली एक रेघही मुलाला कळते, आणि त्यानंतर ते चित्र त्याचं राहत नाही.

आधीची तयारी

शाळेतली तासिका साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांची असते. रंगकाम किंवा मातकाम तेवढ्यात होत नाही. मुलं रंगात येतात तोच घंटा होते. आठवड्यातून दोन तुटक तासिका घेण्यापेक्षा पंधरवड्यातून एकदा जोडतासिका, म्हणजे सलग दोन तासिका, मागून घ्या. पहिली दहा मिनिटं बोलणं आणि सामान वाटणं, पुढे चाळीसेक मिनिटं काम, पंधरा मिनिटं आवराआवर आणि उरलेला वेळ एकमेकांचं काम पाहणं, अशी घडी बसते. आवराआवर शिपाईमावशींवर सोडू नका. ब्रश धुणं, रद्दी गोळा करणं, टेबल पुसणं ही मुलांचीच कामं आहेत आणि त्यांना ती आवडतात.

कायम लागणारं सामान थोडं आहे: वर्तमानपत्रांची रद्दी, जुने सुती कपडे, खरकट्या पाण्यासाठी एक बादली, खोलगट ताटल्या, दह्याचे रिकामे डबे, मेणखडू, लाल-पिवळा-निळा-पांढरा-काळा एवढेच पोस्टर रंग, आणि बोथट टोकाच्या कात्र्या. बाबांचा किंवा दादाचा जुना शर्ट पुढचा भाग पाठीकडे करून घातला की उत्तम अंगरखा होतो. बारा रंगांच्या बाटल्या घेऊ नका. पाच रंग दिले तर मुलं हिरवा आणि जांभळा स्वतः शोधून काढतात, आणि तो शोध बाटलीतून मिळत नाही.

ब्रश मोठे घ्या. या वयात बोटांवर आणि मनगटावर पुरता ताबा आलेला नसतो. बारीक ब्रशाने मूल कोपऱ्यात अडकून बसतं. आठ ते बारा नंबरचे चपटे ब्रश आणि निदान ए-थ्री आकाराचा कागद असला की हात खांद्यापासून फिरतो. कागद परवडत नसेल तर जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं चांगली असतात; गुळगुळीत असली तरी पोस्टर रंग त्यांवर बसतो.

सुरुवात चपलेपासून

डोंगर-सूर्याच्या सवयीवर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे समोरची वस्तू पाहून काढणं, आणि त्यासाठी मुलाची स्वतःची चप्पल. चप्पल सगळ्यांकडे असते, तिचं ‘कसं काढायचं’ हे कुणी शिकवलेलं नसतं, आणि प्रत्येकाची वेगळी झिजलेली असते.

मुलांना चप्पल किंवा बूट पुसून रद्दीवर, समोर ठेवायला सांगा. पहिली पाच मिनिटं खडू हातात द्यायचा नाही. फक्त बोटाने कडेवरून फिरायचं आणि विचारायचं: टाचेकडे रुंद आहे की बोटांकडे? पट्टा कुठून निघतो आणि कुठे आत जातो? तळव्यावर काय छापलंय? कुठे झिजलंय? मग मेणखडूने थेट काढायला सांगा. पेन्सिल आणि खोडरबर मुद्दाम दूर ठेवा. खोडरबर असलं की मुलं एकच रेघ पुसत बसतात आणि तास संपतो. चुकीची वाटलेली रेघ तशीच राहू द्यायची, शेजारी दुसरी मारायची.

चित्रात चपलेचा वरचा पट्टा आणि खालचा तळवा दोन्ही एकदमच दिसले तर दुरुस्त करू नका. या वयाची मुलं दिसतं तेवढंच काढत नाहीत. माहीत असलेलं सगळं काढतात. घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात, टेबलाचे चारही पाय बाहेर पसरतात. मुलांच्या चित्रांचा आयुष्यभर अभ्यास केलेले व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी नोंदवलं होतं की साधारण सात ते नऊ या वयात मूल कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेघ मारून सगळं तिच्यावर उभं करतं, आणि आकाश वरती पट्टीसारखं काढतं. ही वाढीची पायरी आहे. ‘आकाश जमिनीला टेकतं ना, मधली जागा का रिकामी ठेवलीस?’ म्हणून घाई केली तर मूल आपण सांगितलेली निळी पट्टी खाली ओढून देतं, पण त्याला स्वतःला ते दिसलेलं नसतं.

चपलेनंतर याच रीतीने डबा, पेरू, कुलूप, स्वतःचा डावा हात घ्या. डावखुऱ्या मुलांनी अर्थात उजवा.

ठसेकाम: सगळ्यात सोपं आणि सगळ्यात लवकर जमणारं

भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं, कांद्यातून वर्तुळात वर्तुळं, कारल्यातून दातेरी चक्र, ढोबळी मिरचीतून तीन-चार पाकळ्यांचा आकार. बहुतेकांना हे माहीत असतं, तरी वर्गात ठसे फिसकटतात, आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी पाणी असतं. भाज्या तासाच्या अर्धा तास आधी मोठ्यांनी कापून रद्दीवर कापलेली बाजू खाली करून ठेवा. रंग ब्रशाने फासू नका. ताटलीत ओला पिळलेला स्पंज ठेवून त्यावर दोन चमचे घट्ट पोस्टर रंग पसरा; हा झाला ठशाचा पॅड. कागदाखाली रद्दीचे चार-पाच थर घाला म्हणजे ठसा भरीव उठतो. भाजी दाबायची, मनात तीनपर्यंत मोजायचं, सरळ वर उचलायची.

भाजी खाण्याजोगी असताना ती रंगात बुडवणं अनेक घरांत पटत नाही, आणि मलाही पटत नाही. निबर भेंड्या, किडका कांदा, देठ, शेंगांची टरफलं, मक्याचं रिकामं कणीस एवढ्यावर काम सहज भागतं. भाजीवाल्याकडे संध्याकाळी मागितलं की तो पिशवीभर देतो.

पानांच्या ठशांना रंग पानाच्या मागच्या बाजूला लावा, कारण शिरा तिथे उठून असतात. पेरू, पिंपळ, जास्वंद चांगली उमटतात. पान कागदावर ठेवून वर रद्दीचा तुकडा घ्यायचा आणि तळहाताने दाबायचं. पान घासलं की ठसा गेला.

खरी मजा दुसऱ्या दिवशी आहे. वाळलेले ठसे पुन्हा वाटा आणि विचारा, हे कशासारखं दिसतंय? भेंडीच्या फुलाला पाय फुटतात, कारल्याच्या चक्राची सायकल होते, कांद्याचा ठसा कुणाच्या आजीचा अंबाडा होतो. काळ्या स्केचपेनने चार-दोन रेघा जोडायला सांगा, बस.

हळदीचा लपवलेला निरोप

शर्टावर पडलेला हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे घराघरांत माहीत आहे. हळदीतलं रंगद्रव्य आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत तांबडं होतं. पूर्वी हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू करत ते याच गुणावर. त्याचं चित्र करता येतं.

दोन चमचे हळद अर्धी वाटी पाण्यात कालवून ड्रॉइंग पेपरवर रुंद ब्रशाने सारखी फासा आणि कागद सावलीत पूर्ण वाळू द्या. वर पुड राहिली तर कोरड्या फडक्याने झटका. आता कपडे धुण्याच्या साबणाची वडी किसून थोड्या कोमट पाण्यात विरघळवा. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून त्या पाण्याने चित्र काढायचं. रंगहीन पाणी कागदाला लागताच तांबडी रेघ उमटते आणि वर्गात एकदम गलका होतो, तो होऊ द्या. खाण्याचा सोडा घेतला तर रंग फिका, नारिंगीकडे झुकणारा येतो. वर लिंबाचा रस फिरवला की रेघ पुन्हा पिवळी पडते, म्हणजे मुलांच्या हातात लाल रंगही आहे आणि खोडरबरही. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नका. त्याने रंग गडद येतो, पण डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. साबणाच्या पाण्याचे हातही डोळ्यांना लावू द्यायचे नाहीत.

याच जोडीला लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. ते पाणी कागदावर लिंबाने गुलाबी आणि सोड्याने हिरवट होतं. फाल्गुनात पळस फुललेला असेल तर त्याची फुलं रात्रभर भिजवून केशरी-पिवळा रंग काढा. रंगपंचमीसाठी तो कितीतरी ठिकाणी असाच काढत असत. हे सगळे रंग उन्हात उडतात. मुलांना आधीच सांगून ठेवा, आणि एक कागद खिडकीत, एक कपाटात ठेवून महिन्याने दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

पावसाचं चित्र

जून-जुलैत एक तास यासाठी ठेवा. मेणखडूने जोर लावून चित्र काढायचं, पांढऱ्या मेणखडूने पावसाच्या रेघा मारायच्या, आणि वरून पातळ निळा जलरंग फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे पाऊस पांढरा उमटतो. खडू हलका फिरवला तर काही होत नाही, एवढंच जपायचं.

वारली: काढण्याआधी समजून घ्यायची गोष्ट

शाळांमध्ये वारलीचं भरपूर काम होतं आणि बऱ्याचदा वाईट होतं. त्रिकोणाची माणसं गोलात उभी करायची, मधे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा एक जण, कडेने नक्षी, की झाली वारली. ज्या लोकांची ती आहे त्यांच्याबद्दल मुलांना काहीच कळत नाही. म्हणून या प्रकल्पाला मी दोन जोडतासिका देते.

पहिल्या वेळी फक्त पाहायचं आणि बोलायचं. वारली समाज पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागात आणि लगतच्या गुजरातेत, दादरा-नगर हवेलीत राहतो. शेणामातीने सारवलेल्या, गेरूने रंगवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ही चित्रं काढतात. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नात भिंतीवर सवाष्णी चौक, म्हणजे चौकोनी पूजेचं चित्र, लिहितात, त्यात पालघाट देवी असते, आणि त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. भिंतीवरची ही कला कागदावर आणली ती डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी. पूर्वी बायकांच्या हातात असलेलं हे काम ते रोज करू लागले, १९७० च्या दशकात त्यांची चित्रं मुंबईत आणि पुढे परदेशात पोहोचली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांचे फोटो मोबाइलवर किंवा छापून दाखवा आणि मुलांना शोधायला लावा: मासेमारीचं जाळं कुठे आहे, मुंग्या कुठे आहेत, कोण पळतंय, कोण दमलंय?

चौक पवित्र आहे. तो शोभेची चौकट म्हणून पाटीभोवती काढू नये, असं मला ठामपणे वाटतं. मुलांना ते कारणासकट सांगितलं तर त्यांना पटतं.

त्याच तासात अंगाने वारली शिकायची. एक मूल पुढे येतं आणि पाणी शेंदल्याची कृती करून थिजतं. बाकीचे पाहतात: कमरेत कुठे वाकलाय, गुडघा कुठे आहे, वजन कुठल्या पायावर आहे? वारली माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, आणि त्यांचा जोड म्हणजे कंबर. सगळी हालचाल तिथून निघते. वरचा त्रिकोण पुढे कलला की माणूस वाकतो, मागे गेला की ओढतो. मुलं दोन-तीन कृती करून पाहतात आणि मग पाटीवर खडूने त्याच कृती काढतात. इथे घाई नको. ज्या वर्गात हा खेळ झालेला असतो त्या वर्गातली माणसं नंतर कागदावर सावधान उभी राहत नाहीत.

दुसऱ्या वेळी कागद. पार्श्वभूमी आदल्या दिवशी तयार ठेवा. गेरू हार्डवेअरच्या दुकानात किंवा कुंड्या विकणाऱ्याकडे मिळतो. चार चमचे गेरू, दोन चमचे फेविकॉल आणि चमच्यावरून सलग धार पडेल इतपत पाणी. फेविकॉल नसेल तर वाळल्यावर गेरू हाताला लागत राहतो. कोरडा गेरू उडतो, म्हणून तो मोठ्यांनी कालवायचा. पुठ्ठ्यावर किंवा खाकी कागदावर दोन हात द्या. पांढऱ्यासाठी तांदूळ रात्रभर भिजवून गंधासारखे बारीक वाटा आणि थोडा डिंक घाला, किंवा सरळ पांढरा पोस्टर रंग घ्या. पिठाची रेघ ओली असताना फिकी दिसते आणि वाळल्यावर उजळते. मुलांना आधी सांगितलं नाही तर ती एकाच रेघेवर चार वेळा फिरवतात. ब्रशाऐवजी खराट्याची काडी द्या, टोक दगडाने हलकं ठेचून. काडीने रेघ ओढता येत नाही असं वाटतं, पण दोन मिनिटांत मुलं ती पकडतात.

विषय मुलांचा स्वतःचा: मधली सुट्टी, आठवडी बाजार, क्रिकेट, पाण्याचा टँकर आला तेव्हा, एसटी स्टँड. आधी मोठ्या गोष्टी काढायच्या, मग माणसं, मग उरलेल्या जागेत झाडं, पक्षी, किडे. सहा-सहा मुलांच्या गटाला एक लांब कागद दिला तर सगळ्यांना चारी बाजूंनी बसून काढता येतं; मग चित्राला वरखाली राहत नाही, आणि मुलं त्याबद्दल खूश असतात. कोपऱ्यात ‘वारली चित्रांवरून शिकून’ असं लिहायला लावा. ही चित्रं वारली होत नाहीत. वारल्यांकडून शिकलेली असतात.

मातीचे बैल

श्रावण अमावास्येला पोळा येतो. पश्चिम महाराष्ट्रात आषाढात बेंदूर करतात, विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि मुलं लाकडी बैल घेऊन निघतात. मातकामासाठी याहून चांगलं निमित्त वर्षात नाही.

माती कुंभाराकडून कमावलेली आणा, म्हणजे खडे काढलेली आणि मळलेली. शाडूही चालतो, पण तो वाळल्यावर ठिसूळ होतो. एका मुलाला पावशेर ते तीनशे ग्रॅम माती लागते, म्हणजे तीस मुलांना आठ-नऊ किलो. चपातीच्या कणकेइतकी मऊ हवी. हाताला चिकटत असेल तर रद्दीवर अर्धा तास मोकळी ठेवा, वाकवल्यावर भेगा पडत असतील तर ओलं फडकं गुंडाळून रात्रभर ठेवा.

मुलं पहिल्यांदा बैल करतात तेव्हा चार लोळ्या करून धडाला पाय चिकटवतात, आणि वाळल्यावर चारही पाय गळतात. म्हणून एकाच गोळ्यातून ओढून काढायची रीत आधी शिकवा. लांबट गोळा करायचा. खालून चार ठिकाणी चिमटीत धरून माती हळूहळू खाली ओढायची. हे पाय, जाड आणि आखूड. पुढच्या टोकाकडून मान वर ओढायची आणि तिचं टोक खाली वळवून तोंड. पाठीवर मानेजवळ माती चिमटून उंच केली की वशिंड, आणि वशिंड आलं की तो बैल दिसायला लागतो. शिंगं आणि कान मात्र वेगळे लावावे लागतात. त्यासाठी दोन्ही जागांवर काडीने फुलीफुलीचे ओरखडे काढायचे, मातीच पाण्यात कालवून केलेला घट्ट चिखल लावायचा, दाबायचं आणि सांध्यावरून बोट फिरवून तो बुजवायचा. नुसतं पाणी लावून चिकटवलेलं शिंग वाळताना हमखास पडतं. शेपूट हवेत सोडू नका, मांडीला चिकटवून घ्या.

झुलीसाठी बटणं, जाळीच्या पिशवीचा तुकडा, गव्हाची ओंबी, नाणं यांचे ठसे ओल्या मातीत दाबायचे. बैलच करायला हवा असं नाही. कुणी म्हैस करेल, कुणी ट्रॅक्टर करेल. ज्या घरी आता बैल नाहीत त्या घरच्या मुलाचा ट्रॅक्टर अगदी खरा असतो.

वाळवणं हा अर्धा प्रकल्प आहे. उन्हात ठेवलं की बाहेरची माती आधी आकसते आणि तडे जातात. सावलीत, पहिला दिवस वर ओलसर फडकं टाकून, मग उघडं, असे चार-पाच दिवस. श्रावणातल्या दमट हवेत आठवडाही लागतो, त्यामुळे काम पोळ्याआधी दहा-बारा दिवस संपवा. पूर्ण वाळल्यावर गेरू आणि पोस्टर रंगांनी रंगवायचे. हात धुण्यासाठी बादली वापरा. माती बेसिनमध्ये गेली की नळ्या तुंबतात. बादलीत तळाशी बसलेली माती आणि मोडलेले बैल भिजवून पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतात.

तिसरीसाठी: कागदी मुखवटे

जव्हार-मोखाड्याच्या भागात बोहाडा होतो, त्यात देवदेवतांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचतात. पूर्वी लाकडी असलेले हे मुखवटे आता बहुतेक कागदी लगद्याचे असतात. मुलांसाठी लगद्यापेक्षा पट्ट्यांची रीत सोपी आहे.

एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर ढवळत चकाकी येईपर्यंत शिजवा. चमचाभर मीठ घातलं की खळ लवकर आंबत नाही. विकतची खळ घेऊ नका, तीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेलं असू शकतं आणि ते विषारी असतं. पुठ्ठ्यावर रद्दीचे बोळे चिकटपट्टीने बांधून नाक, कपाळ, गाल उभे करायचे. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या हाताने फाडायच्या, कात्रीने नाही, कारण फाटलेली कडा नीट बसते. पट्टी खळीत बुडवून दोन बोटांत निपटायची आणि चिकटवायची. एक थर आडवा, एक उभा, असे चार थर, दोन दिवसांत विभागून. शेवटचा थर कोऱ्या कागदाचा. रंगवण्याआधी तीन दिवस वाळू द्या; घाई केली तर आतून बुरशी येते. डोळ्यांची भोकं मोठ्यांनी कापायची.

‘मला येत नाही’ म्हणणारं मूल

प्रत्येक वर्गात असतंच. त्याला ‘येतं रे तुला’ म्हणून उपयोग नाही, त्याला तसं वाटत नसतं. त्याच्या शेजारी बसा आणि काम लहान करा. पूर्ण बैल नको, फक्त वशिंड कर. पूर्ण बाजार नको, भाजीवालीचा एक हात काढ. काही मुलांना कोरा कागदच घाबरवतो. त्यांना रंगाचा एक डाग पाडून द्या, किंवा घोटीव कागदाचे फाटके तुकडे द्या आणि चिकटकाम करू द्या. काही मुलांना ओली माती हाताला सहन होत नाही. त्यांना काडी आणि जुना चमचा द्या, जबरदस्ती नको.

कौतुकही नेमकं हवं. ‘छान’, ‘मस्त’ ऐकून मुलाला काही कळत नाही. ‘तू बैलाची मान वळवलीस म्हणून तो मागे बघतोय असं वाटतं’ हे कळतं. काय काढलंय ते ओळखू आलं नाही तर ‘हे काय आहे?’ न विचारता ‘याच्याबद्दल सांग’ म्हणा. स्पर्धा आणि क्रमांक या वयात ठेवू नका, पहिल्या तीन मुलांपलीकडे उरलेल्यांचं कलाकाम तिथे थांबतं.

काम लावणं आणि जपणं

भिंतीवर सगळ्यांची चित्रं लावा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण तीन-साडेतीन फुटांवर. मोठ्यांना वाकून पाहावं लागलं तर हरकत नाही. सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लावलीत तर बदलणं सोपं जातं आणि भिंतीचा रंग निघत नाही. नाव आणि तारीख मागच्या बाजूला. मुलाने चित्राबद्दल काही सांगितलं असेल तर ते त्याच्याच शब्दांत खाली चिठ्ठीवर लिहा, बोली बदलू नका. ‘ह्यो आमचा सर्जा हाय’ ते तसंच राहू द्या.

प्रत्येक मुलासाठी जुन्या पुठ्ठ्याची एक फाइल करा आणि तारखेप्रमाणे कागद ठेवत जा, मातीच्या कामाचे फोटो काढून. एप्रिलच्या पालकसभेत गुणपत्रकाबरोबर ती फाइल द्या आणि जूनमधली चप्पल व मार्चमधली चप्पल शेजारी शेजारी मांडा. चपलेचा तास वर्षाच्या शेवटी पुन्हा घ्यायचा तो याचसाठी.